मदरबोर्ड बदलला आणि लॅपटॉप मामांनाच ओळखेना

१० जानेवारीला संध्याकाळी मामांचा फोन आला, आवाजावरूनच कळलं की कायतरी बोंबललंय. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, कराडात कर सल्लागार आहेत, छोटे व्यापारी, दोन-चार डॉक्टर, कॉन्ट्रॅक्टर अशी शंभर-सव्वाशे माणसं त्यांच्याकडे, आणि सगळा धंदा एका लॅपटॉपवर. ११ तारखेला महिनेवाल्यांचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचा, १३ ला तिमाहीवाल्यांचा, आणि मामा म्हणतात, "अरे, सर्व्हिस सेंटरमधनं लॅपटॉप आला, चालू झाला, पण निळा स्क्रीन आणि कसली तरी ४८ आकडी की मागतोय, मी कधी ठेवलीच नाही असली की."

मी एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर बघतो, गाळप चालू असल्यामुळे मलाही श्वास घ्यायला वेळ नव्हता, पण हे ऐकल्यावर गाडी काढली. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण त्यानंतरच्या महिन्याभरात अगदी अशाच दोन केस माझ्याकडे आल्या, आणि त्यातली एक सुटली नाही.

आधी काय झालं होतं ते. लॅपटॉप गेल्या मार्चमध्ये गावातल्याच दुकानातून घेतलेला, विंडोज ११ होम, ५१२ जीबीची एसएसडी. डिसेंबरअखेर चार्जिंग होईना म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिला, वॉरंटी होती, त्यांनी मदरबोर्ड बदलून दिला, फुकट. एसएसडीला कुणी हातसुद्धा लावला नाही, तीच जुनी, तिच्यावर डेटा जसाच्या तसा. मामांचं म्हणणं हेच होतं की माझी डिस्क तीच आहे, मी तोच आहे, मग अडलंय कुठं. सर्व्हिस सेंटरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, काका, विंडोज नवीन टाकून देतो, दहा मिनिटांचं काम आहे. आणि जॉबशीटवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, डेटाची जबाबदारी आमची नाही, त्याखाली मामांची सही. चाळीस वर्षं दुसऱ्यांना "वाचून सही करा" सांगणारा माणूस!

नशीब एवढंच की मामांनी नवीन विंडोज टाकायला नाही म्हटलं. मात्र शेजारच्या एका पोराने एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघितली होती. तिथेही ड्राइव्हवर कुलपाचं चित्र आणि परत तीच ४८ आकडी की. त्यात काही बिघडलं नाही, पण अशा वेळी कुठलाही कॉम्प्युटर "ही डिस्क फॉरमॅट करायची का" असं विचारायला लागला तर हो म्हणू नका, कारण एकदा फॉरमॅट झालं की नंतर की सापडली तरी ती उघडायला मागे काही राहत नाही.

आता हे कुलूप लागलं कधी? मामा शपथेवर सांगत होते की मी काही लावलं नाही, आणि ते खरंच होतं. बिटलॉकर नावाचं डिस्क एनक्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं सांकेतिक करून ठेवणारं कुलूप, विंडोजमध्ये व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आहे, पण ते महागड्या आवृत्त्यांत असायचं आणि हाताने चालू करावं लागायचं. त्याचंच धाकटं भावंड म्हणजे डिव्हाइस एनक्रिप्शन, हे होम आवृत्तीतही असतं, आणि नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की ते आपलं आपण चालू होतं, विचारत नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली तेव्हा त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटीही सैल केल्या, त्यामुळे त्यानंतर नव्याने विंडोज टाकलेल्या बहुतेक मशिनवर हे कुलूप असतंच असं धरून चाला. चालू होताना ते एक रिकव्हरी की बनवतं आणि ज्या अकाउंटने साइन इन केलंय त्या अकाउंटमध्ये ऑनलाइन नेऊन ठेवतं. म्हणजे सोय केलेली आहे, पण अकाउंट तुमचं असेल तर.

रोज मग की का मागत नाही? तर मदरबोर्डवर टीपीएम नावाची एक चिप असते, हल्ली बऱ्याचदा ती प्रोसेसरच्या आतच असते, पण लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच डागलेला म्हणजे गोष्ट एकच. डिस्क उघडायची किल्ली ही चिप सांभाळते, आणि मशिन सुरू होताना बायोस (मशिन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) तेच आहे का, सिक्युअर बूट (परका प्रोग्राम सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू आहे का, बूट करणारी फाइल तीच आहे का हे मोजून बघून सगळं जुळलं तरच किल्ली देते. सोसायटीचा जुना वॉचमन कसा, चेहरा बघूनच गेट उघडतो, नाव विचारत नाही. मदरबोर्ड बदलला म्हणजे वॉचमनच बदलला. नव्याला तुम्ही कोण हे माहीत नाही, तो कागद मागणार, आणि तो कागद म्हणजे ही ४८ आकड्यांची की.

मामांनी विचारलं, मग जुना बोर्ड परत मागवू का? प्रश्न अगदी बरोबर होता, जुना बोर्ड परत लावला असता तर कदाचित उघडलंही असतं, पण वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनी ठेवून घेते आणि तो बोर्ड एव्हाना कुठल्या गोदामात पोचला असेल देव जाणे, शिवाय तो मेला होता म्हणून तर बदलला.

इथे एक सांगून ठेवतो. हा स्क्रीन दरवेळी बोर्ड बदलल्यामुळेच येतो असं नाही. बायोस अपडेट झाल्यावर येतो, कुणी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं तर येतो, बॅटरी काढून बायोसच्या सेटिंग मूळपदावर गेल्या तरी येतो. म्हणून की शोधत बसायच्या आधी बायोसमध्ये जाऊन टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू आहेत ना एवढं बघा, कुणी बदललं असेल तर जसं होतं तसं करा, कधीकधी तेवढ्यावर गाडी सुरू होते. पण "क्लिअर टीपीएम" असं काही दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. एएमडीच्या काही मशिनवर तर बायोस अपडेटनंतर स्क्रीनवरच विचारतात की एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं टीपीएम, रीसेट करायचं का, वाय दाबा नाहीतर एन दाबा, आणि लोक सवयीने वाय दाबतात. एन दाबा. मामांच्या केसमध्ये हे सगळं आधी तपासलं, दोन्ही चालू होते, उपयोग शून्य.

मग की शोधायची. मामांना विचारलं तुमचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट कुठलं, तर म्हणाले माझं जीमेल आहे. जीमेल आहे हो, पण लॅपटॉपला कुठला ईमेल टाकलाय? "ते दुकानातल्या पोरानं केलं, मी पिन टाकतो सकाळी." झालं. आपल्याकडे नवा लॅपटॉप घेतला की दुकानातला पोरगाच सगळं सेटअप करून देतो, इंटरनेट जोडल्याशिवाय आणि ईमेल टाकल्याशिवाय पुढं जाता येत नाही, गिऱ्हाइकाला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही, मागे चार गिऱ्हाइकं उभी, मग पोरगा दुकानाचाच एक ईमेल टाकतो आणि मोकळा होतो. मी त्या पोराला दोष देत नाही, मीही दहा वर्षांपूर्वी हेच केलं असतं, पण त्या एका मिनिटाच्या घाईत मामांच्या डिस्कची किल्ली दुकानाच्या खिशात गेली आणि मामांना पत्ताच नाही.

मामांच्या जीमेलने मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जाऊन बघितलं, त्या नावाचं अकाउंटच नव्हतं. तिथे मला वाटलं संपलं. पण २४एच२ पासून त्या निळ्या स्क्रीनवर एक फार चांगली गोष्ट दाखवायला लागलेत, रिकव्हरी की ज्या अकाउंटमध्ये ठेवलीय त्याच्या ईमेलची अर्धवट झाकलेली खूण. त्याच्या सुरुवातीची अक्षरं बघून मामाच म्हणाले, "हे तर दुकानाचं नाव आहे की रे." आणि त्याच स्क्रीनवर की आयडी म्हणून आठ अक्षर-आकड्यांचा एक तुकडा असतो, तो म्हणजे ४८ आकडी की नव्हे, तो फक्त कुठली की हवीय याचा नंबर. दोन्हीचा मोबाइलवर फोटो काढला. हा फोटो सगळ्यात आधी काढायचा, पहिल्या मिनिटाला.

दुकानात गेलो तर शेठ म्हणाले तो पोरगा सहा महिन्यांपूर्वी सोडून गेला, चाकणला कंपनीत लागलाय, पासवर्ड त्यालाच माहीत. आणि तुम्ही एवढं टेन्शन का घेताय, फॉरमॅट मारा आणि विंडोज टाका, मी पैसे घेत नाही तुमच्याकडून. मी म्हटलं शेठ, विंडोजचं काय करू, आत शंभर लोकांचे हिशोब आहेत. त्यांनी पोराचा नंबर मात्र लगेच दिला. फोन बंद. सेकंड शिफ्ट, साडेअकराला सुटणार.

त्या मधल्या चार तासांत मामांनी मला चार वेळा विचारलं की पुण्यात डेटा रिकव्हरीवाले असतात, त्यांच्याकडे दिलं तर? नाही होत. डेटा रिकव्हरीवाले खराब झालेल्या डिस्कवरून बिट्स वाचून काढतात, आपली डिस्क तर ठणठणीत होती, सगळे बिट्स वाचता येत होते, फक्त ते एईएस नावाच्या सांकेतिक पद्धतीने गुंडाळलेले, आणि ही की १२८ बिटांची, म्हणजे अंदाजाने शोधायला गेलं तर जगातले सगळे कॉम्प्युटर लावले तरी होणार नाही. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचंही म्हणणं स्पष्ट आहे, हरवलेली की ते बनवून देऊ शकत नाहीत. तेव्हा "आमच्याकडे बिटलॉकर तोडून मिळेल" अशी पाटी लावून कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर तिथून चालू पडा.

बॅकअप होता का, हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा विचारला कारण उत्तर माहीत होतं. मामा म्हणाले आहे की, ते ढगाचं निळं चिन्ह आहे ना खाली, दुकानातल्या पोरानं सांगितलं होतं सगळं ऑनलाइन जातं. ते वनड्राइव्ह. एक तर तेही दुकानाच्याच अकाउंटला जोडलेलं, दुसरं म्हणजे फुकटात ५ जीबीच, आणि तिसरं जे बऱ्याच हिशोबनीस मंडळींना माहीत नाही ते म्हणजे वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असली ठरावीक फोल्डर नेतं, आणि टॅलीप्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आपण जागा बदलली नाही तर सी ड्राइव्हमध्ये यूझर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा अशा जागी बसतो. पब्लिक फोल्डर वनड्राइव्ह नेत नाही. म्हणजे मामांच्या घरच्या लग्नाचे फोटो ढगात पोचले होते आणि शंभर लोकांची खाती त्या कुलपात. पेनड्राइव्हवर एक टॅली बॅकअप निघाला, दिवाळीच्या आधीचा, आणि नेमकी ऑक्टोबर ते डिसेंबरचीच तिमाही भरायची होती.

पावणेबाराला पोराने फोन उचलला. आवाज दमलेला पण पोरगं सरळ होतं, म्हणाला दादा, मी आधी बसस्टॉपवर येतो मग बघतो. पासवर्ड आठवत नव्हता, पण अकाउंटला त्याचाच मोबाइल नंबर जोडलेला आणि तो नंबर त्याने बँकेसाठी चालू ठेवलेला, त्यामुळे ओटीपी आला आणि पासवर्ड रीसेट झाला. हा नंबर बंद पडला असता तर काय याचा विचार मी नंतर केला. अकाउंटची सगळीच सुरक्षेची माहिती बदलायची झाली तर तीस दिवस थांबावं लागतं, आणि दोन वर्षं कुणी साइन इनच केलं नाही तर अकाउंट बंदही होऊ शकतं, मग आतल्या किया कुठल्या.

त्याला सांगितलं अकाउंटच्या साइटवर डिव्हाइसेसमध्ये जा, बिटलॉकर रिकव्हरी की बघ. दोन मिनिटं शांतता आणि मग म्हणाला, "दादा, हितं लै हायत." एकतीस मशिन. दुकानाने विकलेल्या एकतीस गिऱ्हाइकांच्या किया एका अकाउंटमध्ये, एका ओळीत, लॅपटॉप आणि पुढं कसलीतरी अक्षरं अशी नावं, कोण कुणाचा काही कळायची सोय नाही. मी म्हटलं नाव बघू नको, की आयडी बघ, ही आठ अक्षरं शोध. त्याने शोधून लगेच स्क्रीनशॉट पाठवला, पण आयडी जुळेना, कारण दुकानात डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग पाडलेले आणि दोन्हीला वेगवेगळी की. यादीत ड्राइव्हच्या रकान्यात ओएसव्ही लिहिलेलं असतं ती विंडोजच्या ड्राइव्हची, एफडीव्ही ती बाकीच्या ड्राइव्हची. त्याने डीची पाठवलेली. तेवढ्यात त्याची कंपनीची बस आली, म्हणाला थांबा दादा, सापडली, फोनवरच सांगतो, लिहून घ्या.

आणि त्याने जोडीजोडीने वाचायला सुरुवात केली, मराठीत, बसच्या आवाजात.

हे नीट सांगण्यासारखं आहे. की म्हणजे सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मराठीत जोड्या वाचल्या की काय होतं ते आपल्याला माहीतच आहे, छत्तीस म्हटलं की आधी सहा ऐकू येतो आणि हात ६३ लिहून मोकळा होतो, एकोणसत्तर म्हटलं की डोकं सत्तर पकडतं आणि ७९ पडतं. पण या कीमध्ये एक छुपी सोय आहे, प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. प्रत्येक गटाला. शाळेतली ११ ची कसोटी आठवा, पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळवायचा, दुसरा, चौथा, सहावा मिळवायचा, दोन्हीतला फरक शून्य, ११ किंवा २२ आला पाहिजे. खरी की इथे देत नाही, पण समजा गट आहे बावन्न, तेहेतीस, एकोणसत्तर, म्हणजे ५२३३६९. पाच आणि तीन आणि सहा चौदा, दोन आणि तीन आणि नऊ चौदा, फरक शून्य, गट बरोबर. मी एकोणसत्तरचं ७९ लिहिलं तर एकीकडे पंधरा, दुसरीकडे चौदा, फरक एक, म्हणजे कुठंतरी चुकलं. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले तरी ही कसोटी पकडते. आणि कुठलाही गट ७२०८८५ च्या वर जात नाही, त्यामुळे ८ किंवा ९ ने सुरू होणारा गट लिहिला असेल तर तो चूकच.

मी आकडे लिहीत होतो आणि मामा समोर बसून बेरजा करत होते. हिशोबाचा माणूस, कॅल्क्युलेटर नाही, बोटं नाहीत, मी गट लिहून होईतो त्यांचं "बरोबर" यायचं. तिसऱ्या गटाला म्हणाले "चूक". सातव्याला परत "चूक". दोन्ही गट पोराला एकेक आकडा सुटा सांगायला लावला, दुरुस्त झाले. संध्याकाळपासून हातपाय गाळून बसलेले मामा त्या पाच मिनिटांत पुन्हा माणसात आले असं मला वाटलं.

की टाकली, एंटर, गोल फिरलं, विंडोज उघडलं.

आणि मामांचा पिन चालेना! हेही साहजिकच, पण त्या क्षणी माझ्याही पोटात गोळा आला. विंडोजचा पिन त्याच टीपीएम चिपला बांधलेला असतो, चिप गेली पिन गेला, आता अकाउंटचा पासवर्ड टाका म्हणतो, आणि अकाउंट दुकानाचं. पोराने नुकताच नवा पासवर्ड ठेवला होता म्हणून, नाहीतर किल्ली हातात असून दुसऱ्या दारात अडलो असतो. लॅपटॉप वायफायला जोडून नवा पासवर्ड टाकला, साडेबाराच्या पुढं कधीतरी डेस्कटॉप दिसला.

आता इथे घाई करायची नाही. मी मामांना काहीही उघडू दिलं नाही, रीस्टार्ट नाही, अपडेट नाही, आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर टॅलीचा डेटा, मग गिऱ्हाइकांच्या फायली, मग बाकी. दीड तास गेला, मामींनी दोनदा चहा केला. कॉपी झाल्यावर दोन-चार फायली हार्डडिस्कवरूनच उघडून बघितल्या, नुसतं कॉपी झालं असं दिसणं आणि फाइल उघडणं यात फरक आहे.

मग दुरुस्ती. एकदा रीस्टार्ट करून बघितलं तर परत तोच निळा स्क्रीन, कारण की टाकून आत गेलो तरी नव्या चिपशी कुलपाची ओळख अजून झालेली नव्हती. आणि दुसरा मुद्दा, जुनी की दुकानाच्या अकाउंटमध्ये पडलेलीच, ती आता दोन-तीन जणांनी ऐकलेली. दोन्हीला औषध एकच. मामांच्या जीमेलवर त्यांचं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट काढलं, लॅपटॉपमधलं आधीचं अकाउंट आधी लोकल, म्हणजे फक्त त्या मशिनपुरतं, केलं, मग त्यावर मामांचं जोडलं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एनक्रिप्शन बंद केलं, डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबलो, चार्जर लावून, आणि मग परत चालू केलं. नव्या चालू करण्यात नवी की बनते, नव्या चिपला बांधली जाते आणि मामांच्या अकाउंटमध्ये जाते. दुकानाच्या यादीतली जुनी की आता निव्वळ रद्दी.

परत चालू कशाला केलं, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. एवढा ताप झाल्यावर बंदच ठेवायचं ना. माझं मत असं, ज्याच्या घरी डेस्कटॉप एका जागी आहे आणि त्यावर नातवंडांचे फोटो आणि सिनेमे आहेत त्याने खुशाल बंद ठेवावं. पण मामा हाच लॅपटॉप पिशवीत घालून एसटीने साताऱ्याला जातात, त्यात लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, सगळं. एनक्रिप्शन नसेल तर लॅपटॉप चोरणाऱ्याला पासवर्ड लागतच नाही, एसएसडी काढून डबीत घातली की सगळं समोर. शिवाय २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय, लोकांची माहिती सांभाळणाऱ्याला "मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही" म्हणून सुटता येणार नाही. कुलूप वाईट नव्हतं, किल्ली परक्याकडे होती. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली ८५ लाखांच्या आसपास विंडोज मशिन बसली तेव्हाही मोठमोठ्या कंपन्यांतली आयटीची माणसं एकेका मशिनपाशी जाऊन हेच ४८ आकडे टाकत होती, आणि ज्यांच्या कियांची यादी बंद पडलेल्याच सर्व्हरवर होती त्यांचं तर विचारूच नका.

नवी की छापून काढली, सोबत की आयडी आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर, दोन प्रती. एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक मामींच्या कपाटात एलआयसीच्या फायलीत. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवतो म्हणाले तर ओरडलो. बॅकअपला दोन हार्डडिस्क, एक ऑफिसात एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. होम आवृत्तीत बाहेरच्या डिस्कला बिटलॉकर लावता येत नाही म्हणून त्यांवर व्हेराक्रिप्ट हे एनक्रिप्शनचं सॉफ्टवेअर टाकलं, ते फुकट आहे. रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये, आता मामांच्याच. शनिवारची अदलाबदल किती दिवस चालेल याची मला शंका आहे, मामींना आठवण करायला सांगून ठेवलंय.

तुमच्या लॅपटॉपवर काय आहे ते बघायला दोन मिनिटं लागतात. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये वर कुठला ईमेल दिसतो तो बघा, तो तुमचा नसेल तर आजच बसा. मग डिव्हाइस एनक्रिप्शन चालू आहे का बघा. तिथे दिसत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडून मॅनेज-बीडीई आणि स्टेटसची कमांड चालवली की प्रत्येक ड्राइव्हचं कळतं. लोकल अकाउंटवाल्यांना कधीकधी ड्राइव्हवर पिवळा त्रिकोण दिसतो, म्हणजे डिस्क एनक्रिप्ट झालीय पण किल्ली दारालाच लटकलेली, कुलूप अजून लागलेलं नाही, घाबरू नका. आणि लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा असेल, नुसता पंखा साफ करायला का असेना, किंवा बायोस अपडेट करायचं असेल, तर आधी की हातात आहे ना ते बघा आणि की आयडी जुळवून बघा.

११ तारखेला दुपारी मामांनी महिनेवाल्यांचे भरले, तेराला तिमाहीवाल्यांचे, चौदाला संक्रांतीला मला तिळगूळ आणि पोरासाठी एक पाकीट दिलं. पोराने पैसे घेतले नाहीत. मीच त्याला म्हटलं, ते एकतीस जण आहेत त्यांचं बघ, ज्याची त्याची की ज्याला त्याला दे आणि अकाउंट बदलायला सांग. यादीत की कधी चढली त्याची तारीख असते, शेठच्या बिलबुकातल्या तारखेशी ताडून त्याने सुट्टीच्या दिवशी बसून नावं लावली. शेठ हसले, पण बिलबुक दिलं.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. म्हणाला दादा, एकवीस जणांना पोचलो, चार नंबर बंद आहेत, बाकीचे फोन उचलून "ओटीपी देणार नाही" म्हणून ठेवून देतात, आणि एक बाई तर म्हणाल्या परत फोन केलास तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवीन.